किटोतला धुरा

आईचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. "तात्या गेले गं. चहाला नावं ठेवली, कप खाली ठेवला अन् गेले." मला रडू यायच्या आधी हसू आलं... जाताना वडलांनी चहाचं कौतुक केलं असतं, तर नाडी पुन्हा बघा असंच मी म्हणाले असते.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. तात्यांनी जिवंत माणसांबद्दलही कधी चांगलं बोलून पाहिलं नाही, तेव्हा माझ्याकडून फार अपेक्षा नको. गावी हट्ट्यात आमचं आणि धाकट्या काकांचं वावर शेजारीशेजारी, मध्ये हातभर बांध, म्हणजे धुरा. काकांनी नांगरताना तो कोरला असं तात्यांचं म्हणणं. काका म्हणत, तात्यांनीच कोरला. तेवढ्या मातीपायी सख्ख्या भावांत अबोला आला. ज्या काकांच्या खांद्यावर बसून मी नरसीची जत्रा पाहिली, त्यांच्या दारात जायची मला बंदी झाली. त्यासाठी मी तात्यांना कधीच माफ केलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इक्वेडोरच्या राजधानीत, किटोला राहतो. तात्यांना मी मुद्दाम बोलावून घेतलं. एवढं जग बघितल्यावर हातभर धुऱ्याची त्यांना लाज वाटेल, हा माझा बेत. कसली लाज! नवे पांढरे बूट घालून ते सगळ्या शहराला नावं ठेवत फिरले. उंचावर दम लागला, तर "हवाबी पाणी घातलेल्या दुधावानी हाय." बर्फाचा डोंगर दाखवला, तर "याच्यावर पिकतं काय?" केळी मात्र चार खाल्ली, आणि वसमतच्या केळीची सर नाही म्हणून सांगितलं.

शेवटी विषुववृत्तावर नेलं. तिथं जमिनीवर पिवळी रेघ ओढलीय. एक पाय उत्तर गोलार्धात, एक दक्षिणेत ठेवून लोक हसत फोटो काढतात.

"म्हंजे धुराच की," तात्या म्हणाले. "पलीकडचं वावर कोणाचं?"

"कुणाचंच नाही, तात्या. ठेवा पाय."

"दुसऱ्याच्या वावरात पाय देत न्हाई मी."

दोन्ही पाय अलीकडे जुळवून, तोंड वाकडं करून त्यांनी फोटो काढून घेतला. मी हात टेकले.

त्यांच्या माघारी हट्ट्याला आले, तेव्हा वावरात गेले. धुऱ्यापलीकडे काका उभे होते.

"दादा रोज सकाळी यायचा इथं, त्या पांढऱ्या बुटात," ते म्हणाले. "मला शिव्या द्यायचा. मीबी द्यायचो. आता कोणाला देऊ?"

"पण तुमचा तर अबोला होता ना, काका?"

"व्हय, अबोलाच. शिव्या म्हंजे काय बोलणं व्हय?"

"हा तिकडचा धुरा," म्हणत मी फोनवरचा त्या रेघेजवळचा फोटो दाखवला. काकांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"एवढ्या लांब गेला, तरी आपली बाजू सोडली न्हाई येड्यानं..." मग रेघेपलीकडे बोट ठेवून म्हणाले, "अन् ही अर्धी जागा मोकळी काहून ठेवली?"

फोन माझ्या हातात परत देऊन काका धुरा ओलांडून आमच्या वावरात आले. खोपीच्या दाराशी तात्यांचे पांढरे बूट अजून तसेच होते. काका त्या बुटांजवळ बसले, एक बूट मांडीवर घेतला आणि त्याच्यावरची माती नखानं खरडत तात्यांना शिव्या देऊ लागले.