डावा डोळा भिंतीकडे

"भिंग छान बसलंय," डॉक्टर म्हणाल्या. "डोळ्यात आता दोष नाही. पण या डोळ्यानं बघायला तुमचा मेंदू कधी शिकलाच नाही."

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही डाव्या डोळ्याला नुसतं धुकं दिसायचं, म्हणून मी या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. आधीचे सर्जन "दिसेल हो" म्हणून मोकळे झाले होते. या दोषाला अँब्लिओपिया म्हणतात, म्हणजे आळशी डोळा. नाव ऐकून माझं डोकंच फिरलं. आळशी? त्याला कामाला कधी लावलं कुणी?

माझा मोतीबिंदू जन्मापासूनचा. माहेरी, कुंभारी गावात, माझी आई, आमची अव्वा, त्याला 'फूल' म्हणायची. पोरीच्या डोळ्याला हत्यार लागलं की स्थळं येत नाहीत, हे घरचं शहाणपण. पाहुणे बघायला आले की मला डावी बाजू भिंतीकडे करून बसवायचे. लग्न झालं, डोळा मात्र वाया गेला.

डॉक्टरांनी टीडीसीएस सुचवलं, म्हणजे ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. चिरफाड नाही. ओल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या डोक्याला बांधून अगदी मंद वीज सोडतात, आणि चांगला डोळा झाकून पडद्यावरच्या रेघा ओळखायच्या. "हा अजून प्रयोगच आहे. या वयात खात्री देत नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्याबद्दल त्यांचे उपकार.

भवानी पेठेतल्या माझ्या घरून रोज दवाखान्यात जायचे. डोक्याला मुंग्या यायच्या, रेघा चुकायच्या, चिडून रडू यायचं. तेवढ्यात अव्वाचा फोन. "डोस्क्याला करंट देत्यात म्हनं? कुनाला सांगू नगंस, येडी म्हनतील की." पुन्हा लपवालपवी! मी फोन बंद केला.

शेवटी तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी वाचता आल्या. विजेमुळे की सरावामुळे, डॉक्टरांनाही सांगता येईना. बाकीचं गेलं ते गेलंच.

मग कळलं, भावाच्या तान्ह्या गंगीच्या डोळ्यातही फूल आहे. मी तशीच कुंभारीला गेले.

"लगीन व्हईस्तोवर ऱ्हाऊ दे की," अव्वा म्हणाली. "पोरीची जात हाय."

मी तिच्यासमोर बसले आणि उजवा डोळा हातानं झाकला. "अव्वा, तू बसलीस ते कळतंय. लुगडं हिरवं हाय. तुझं तोंड न्हाय दिसत."

अव्वानं उठून गंगीला कडेवर घेतलं.

तुमच्या बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा. लहानपणी गेलेली वेळ कुठलंही यंत्र पुरती भरून देत नाही. माझा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

पण गंगीला घेऊन निघालो त्या दिवशी एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कुठं निघालात? अव्वानं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "नातीच्या डोळ्यात फूल हाय. काडून आनायला चाललोय."