सहाव्या भागातलं शेवटचं पान

जिते गावचा मोरू पेणला दिनानाथच्या गणपती कारखान्यात तीस वर्षं डोळ्यांच्या आखणीला बसला. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, रंगते. सगळ्यांचे हात थांबले की आखणीवाल्याचा हात चालू होतो. वरच्या पापणीची रेघ एका ओढीत यावी लागते. मध्येच श्वास घेतला की रेघेला गाठ पडते आणि ती दहा फुटांवरून दिसते. मोरूच्या रेघेला गाठ नव्हती. कौतुकाचा शब्दही त्याच्या तोंडी नव्हता. काम जमलं की तो गप्प राहायचा, नाही जमलं तर म्हणायचा, "परत." त्याला शिकवणारा गुणाजीही असाच होता.

मूर्ती बांधायला कारखान्यात रद्दी लागते. २००९ साली रोह्याहून आलेल्या एका गठ्ठ्यात चित्रांची सहा जाड पुस्तकं निघाली. अक्षरं जपानी. नागोठण्याकडे कामाला आलेला कुणी साहेब जाताना टाकून गेला असेल, असं म्हणून दिनानाथ पानं फाडायला बसला. मोरूने पुस्तकं त्याच्या हातातून काढून घेतली.

जेवणाच्या सुट्टीत त्याने एक उघडलं, आपण उघडतो तसं. एक म्हातारा रंगवलेला मुखवटा हातात धरून बसला होता. पुढच्या पानावर मुखवट्याला रंग नव्हता. त्याच्या पुढे तो अर्धाच कोरलेला होता आणि आणखी पुढे नुसता लाकडाचा ओंडका. मोरू क्षणभर चक्रावला. घासायच्या आधी कुणी रंगवत नाही. त्याने पुस्तक पालथं घातलं आणि मागून वाचायला घेतलं. ही पुस्तकं उलटीच वाचायची असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कामाच्या क्रमावरून कळलं.

गोष्ट साधी होती. मुखवटे कोरणारा एक म्हातारा आणि त्याच्याकडे शिकायला आलेली एक पोरगी. नावं मोरूला कधी कळली नाहीत. तो 'म्हातारा' आणि 'पोरगी' एवढंच म्हणायचा. अक्षर वाचता येत नसलं तरी हात वाचता येत होते. पोरगी पटाशीला धार लावायला शिकते त्याला चौतीस पानं दिली होती. मोरूने ती मोजली होती. दुसऱ्या भागात तिच्या अंगठ्याला पटाशी लागते. तो व्रण सहाव्या भागापर्यंत प्रत्येक चित्रात जागच्या जागी होता. ज्याने ही चित्रं काढली त्याने काम केलेलं आहे, असं मोरू सांगायचा. याहून मोठं बोलणं त्याच्याकडे नव्हतं.

सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर पोरगी आपला मुखवटा म्हाताऱ्यासमोर धरते. म्हातारा बघतो. खालच्या चौकटीत त्याचं तोंड जरासं उघडलेलं, आणि शेजारी बोलण्याचा लहानसा फुगा. त्यात चारपाच अक्षरं. तिथे गोष्ट संपते. मोरूच्या लेखी त्या फुग्यात एकच शब्द असू शकत होता. उस्ताद तोंड उघडतो तो कशाला? "शेवटच्या पानावरसुद्धा परत," तो सांगायचा, "याला म्हणायचं कारागीर."

हे ऐकत त्याची मुलगी सरू मोठी झाली. असल्या पुस्तकांना मंगा म्हणतात हे तिनेच शाळेतल्या कॉम्प्युटरवर शोधून बापाला सांगितलं. बारावी झाल्यावर ती कारखान्यात त्याच्या शेजारी बसली. मोरूने तिला हात तुटलेल्या, टाकून दिलेल्या मूर्ती दिल्या. डोळा काढायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, परत काढायचा. दोन वर्षं चार महिने तिने एकाही विक्रीच्या मूर्तीला कुंचला लावला नाही. बरोबरच्या मुली चिडवायच्या, सरूचे गणपती आंधळेच विसर्जनाला जातात. सरू म्हणायची, पुस्तकातल्या पोरीला चौतीस पानं लागली, मला थोडी जास्त लागतील. पुढे मोरूने तिला वीतभर उंचीच्या मूर्ती दिल्या. मोठ्या मूर्तीचा डोळा दिला नाही.

ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा रोह्याजवळच्या अष्टमी गावची हौसा कारखान्यात आली. कुंडलिका नदीच्या पलीकडे तिने स्वतःचा कारखाना काढला होता. सरूची रेघ तिने पाहिली आणि तिथेच सांगितलं की सोमवारपासून ये, मोठ्या मूर्ती तुझ्या, दोन मुली तुझ्या हाताखाली. सरूने लगेच होकार दिला नाही. घरी येऊन बापाला म्हणाली,

"तुम्ही एकदा सांगा, माझा हात तयार झाला. मग मी कुठं जात नाय."

"अजून वेळ हाय," मोरू म्हणाला.

"किती?"

"ते हात सांगतो."

सोमवारला पाच दिवस होते. त्याच आठवड्यात सरूला मोबाईलवर दिसलं की त्या मंगाची हलती मालिका आली आहे, हिंदी बोलणारी. दोघं रोज संध्याकाळी जेवणाआधी ती बघायला बसले. भाग बाराच होते, दिवसाला तीनतीन.

मोरू पहिल्याच भागाला खवळला. धार लावायची चौतीस पानं त्यांनी एका गाण्यात उरकली होती. मागे बर्फ पडतोय, पोरगी दगडावर चारदा पटाशी फिरवते, कडवं संपायच्या आत तरबेज. अंगठ्याचा व्रण तिसऱ्या भागात होता, पाचव्यात नव्हता. पटाशी धरली होती चमच्यासारखी. लाकडाचे छिलके सगळे एकाच बाजूला उडत होते, लाकडाला जणू रेषाच नाहीत. पुस्तकात म्हातारा मुखवटे फोडतो ते नुसत्या हाताच्या चित्रांतून कळायचं. इथे तो फोडतो आणि वर वाजंत्री वाजते. मोरू एकेक चूक बोटाने दाखवत गेला. सरू कबूल करत होती. कामात मालिका लबाड आहे, हे तिलाही दिसत होतं.

शनिवारी शेवटचा भाग लागला. पोरगीने मुखवटा पुढे धरला. म्हाताऱ्याने बघितलं आणि तो हिंदीत म्हणाला की फार सुंदर झालं आहे, आता हा हात तुझा.

सरूने डोळे पुसले.

"खोटं," मोरू म्हणाला. "पुस्तकात असं नाय. रडवायला घातलंय."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्हाला जपानी येतं?"

"म्हातारा मला ठाऊक हाय."

सरू उठली. तिने सहावा भाग काढला, शेवटचं पान उघडलं आणि मोबाईल त्यावर धरला. आता मोबाईल परकं अक्षर मराठीत करून दाखवतो. इतक्या वर्षांत दोघांनाही ते सुचलं नव्हतं, कारण फुग्यात काय आहे हा प्रश्नच घरात नव्हता. तिने वाचलं आणि मोबाईल बापापुढे केला.

तिथे लिहिलं होतं, 'छान झालं.'

मोरूने मोबाईल दूर सारला. मशीनला काय कळतंय, म्हणाला. सरूने पान सरळ करून पुन्हा धरलं. पुन्हा तेच आलं.

"त्यांनी गाणी घातली, बर्फ घातला, व्रण खाल्ला," सरू म्हणाली. "हे एक नाय घातलं. हे पहिल्यापासून होतं. बाबा, तुम्ही मला तेरा वर्षं काय वाचून दाखवलंत?"

 मोरू म्हणाला, जेवून घे.

रविवारी कारखाना चालू होता, कारण गणपती महिन्यावर आले होते. सरूने न विचारता दोन फुटांची एक मूर्ती ओढून घेतली आणि डोळे आखले. दिनानाथ बघत होता, पण आड आला नाही. दोन्ही वरच्या पापण्या तिने दोन श्वासांत घेतल्या. बुबुळं शेवटी भरली. मग मूर्ती बापासमोर आणून ठेवली आणि उभी राहिली.

मोरूने मूर्ती उजेडाकडे वळवली. जवळून बघितली, मागे सरून बघितली. सगळे काम थांबवून बघत होते. शब्द फार नव्हते, दोनच लागत होते, आणि काल ते त्याने मराठीत वाचलेही होते. त्याने तोंड उघडलं.

"उजवी भुवई बघ," तो म्हणाला.

सरूने भुवई बघितली नाही. तिने कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले, पिशवीत घातले. जाताना बापाच्या पाया पडली. सोमवारी सकाळी जिते स्टेशनातून ती रोह्याची गाडी धरून गेली.

मोरू नेहमीच्या वेळेला बैठकीवर बसला. सरूची मूर्ती समोरच होती. भुवई दुरुस्त करायला त्याने कुंचला भिजवला. उजवी बघितली, डावी बघितली, दोन्ही झाकून एकेक बघितली. कुंचला टेकवायला जागा सापडली नाही. कुंचल्याच्या केसांवर रंग सुकला तसा त्याने तो धुतला, परत भिजवला, परत बघितलं. दुपारी हमाल येऊन मूर्ती बांधायला घेऊन गेले.

त्या दिवशी त्याच्याकडून सत्तर मूर्तींचे डोळे व्हायला हवे होते. एकतीसच झाले.