बिनफटीची खोली

आडनाव वेगळंच होतं, पण गल्लीत सगळे त्यांना बुजवणे म्हणत. मूळचे सुतार. थंडी पडली की लोकांच्या दारा-खिडक्यांच्या फटी बुजवायची कामं घेत. हाताची पालथी बाजू ओली करायची, चौकटीवरून फिरवायची. गार लागलं की तिथे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, वर लांबीचा लेप, त्यावर भिंतीचाच रंग. काम झालं की फट कुठे होती ते त्यांनाही सापडत नसे. याचा त्यांना भारी तोरा.

त्या हिवाळ्यात नात झाली. दिवस भरायच्या आधीच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हिला गारठा लागता कामा नये." मुलगा बोटीवर नोकरीला. निघताना म्हणाला, "बाबा, तुमच्यावर सोपवून जातोय." बुजवण्यांनी सुनेची खोली अशी बंद केली की मुंगीला शिरायची पंचाईत. आत गॅसचा हीटर.

तरी खोली गार. रोज दुपारी.

"सूनबाई, खिडकी उघडली होतीस?"

"नाही, बाबा."

"मग गारवा आला कुठून?"

"तुम्हीच शोधा. तुमचा धंदाच आहे तो."

बोलणं झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या सांध्यावर त्यांनी लांबीची मोहरीएवढी गोळी चिकटवली. संध्याकाळी पाहिलं तर तुटलेली. तिसऱ्या दिवशीही तेच.

डाव काय असावा? माहेरी जायचंय? की पोरीला सर्दी झाली असं कळवून नवऱ्याला परत बोलवायचंय? जेवताना ते तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत. ती कपाळ दाबत निम्मं ताट तसंच टाकून उठे. नाटकं, ते मनात म्हणत.

चौथ्या दिवशी दुपारी "बाजारात जाऊन येतो" असं मोठ्याने सांगून ते निघाले आणि जिन्यातूनच परत फिरले. चोरपावलांनी खोलीचं दार ढकललं.

खिडकी सताड उघडी. नातीला शालीत गुंडाळून, तिचं तोंड वाऱ्याकडे करून सून उभी.

"सापडलीस! मारायचंय का तिला?"

ती दचकलीसुद्धा नाही. "बंद केली की हिला जाग येत नाही, बाबा. दूध तोंडात धरते नि तशीच पडून राहते. उघडली की रडते. ती रडली की माझ्या जिवात जीव येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"डोकं ठणकतं म्हणून दोनदा सांगितलं. वारा लागला असेल म्हणालात, आणि आणखी एक पट्टी मारलीत."

बुजवण्यांनी हीटरकडे पाहिलं. ज्योत निळी नव्हती. पिवळी होती, हवा कमी पडल्यावर जळते तशी. मग वर पाहिलं. हीटरच्या वर, छताजवळ, विषारी धूर बाहेर जायची वीतभर जाळी होती. तिथेही हाताला गार लागलं होतं, म्हणून त्यांनी तीही बुजवली होती. आता तिथे नुसती भिंत दिसत होती.

त्यांनी हीटर बंद केला. सुनेला आणि नातीला खाली नेऊन टॅक्सीत बसवलं, डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला.

"तुम्ही येत नाही?"

"मागून येतो. आधी वरच्या मजल्यावर जातो."

सुनेने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "त्यांचीही जाळी?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवालीने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. "काय हो बुजवणे? परवाच तर काम झालं. आता कुठली नवी फट काढलीत?"

"हीटर चालू आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तुम्ही आत्ता कुठे होतात?"

तिचे डोळे बारीक झाले. "आत्ताच बाहेरून आलेय. का?"

"घरात कोण आहे?"

"सासूबाई. सकाळपासून झोपल्यात. पण तुम्हाला या चौकशा कशाला?"

बुजवण्यांनी दाराला खांदा लावला.