फुटपाथ आमच्या दारात संपतो

आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये नवीन माणूस आलं की पहिल्या आठवड्यातच हमखास विचारतं, बाजूला एवढा फुटपाथ असताना आपण सगळे रस्त्यावरून का धावतो? उत्तरं ठरलेली असतात. प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली उतरतो आणि परत चढतो, ब्लॉक उखडलेत, गटाराची झाकणं डुगडुगतात, मध्येच विजेची पेटी नाहीतर वडापावची गाडी. ही सगळी कारणं खरी आहेत. मी मात्र नेहमी एकच कारण सांगायचे. सिमेंटच्या ब्लॉकपेक्षा डांबर मऊ असतं, गुडघ्यांना बरं असतं. कुठेतरी वाचलं होतं. मला ते फार सोयीचं वाटायचं, कारण त्यात दोष कुणाच्याच माथी येत नाही.

आम्ही हिंजवडीच्या चौकातून माण गावाच्या अंगाला धावत जातो. टॉवर मागे पडले की रस्त्याकडेला एक तीन मजली इमारत लागते, खोल्या भाड्याने दिलेली. तिथे फुटपाथ सरळ संपतो. त्याच्यावर काळ्या कडप्प्याचा कट्टा आहे, गाड्या चढवायला सिमेंटचा उतार आहे, वर पत्रा आणि पत्र्याला खांब. इमारत ओलांडली की फुटपाथ पुन्हा सुरू होतो, जसं काही झालंच नाही.

ते घर आमचं.

कट्टा सासऱ्यांनी बांधला. रुंदीकरणात आमचं भाताचं खाचर गेलं, त्याचा बांध नेमका आता फुटपाथ आहे तिथे होता. जेवण झालं की बांधावर जाऊन बसायची त्यांची जुनी सवय, ती कट्ट्यावर आली. सुगीला बांधावर नारळ फोडायचे, तो आता कट्ट्यावर फुटतो. मग भाडेकरूंच्या गाड्यांसाठी नवऱ्याने उतार केला, उन्हासाठी पत्रा टाकला. याला आमच्या घरात कुणी अतिक्रमण म्हणत नाही. आम्ही त्याला 'पुढचं' म्हणतो. पुढचं झाडून घे, पुढचं धुऊन काढ. मीही वर्षानुवर्षं ते झाडलंय आणि मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. ते वाटायला लागलं पळायला लागल्यावर.

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि मी टॉवरमधल्या बायकांच्या ओळखीने या ग्रुपमध्ये शिरले. सून ट्रॅकपँट घालून रस्त्याने पळणार म्हटल्यावर सासूबाईंनी तोंड फिरवलं. सासरे मात्र म्हणाले, "पळू दी तिला. श्यात ऱ्हायलं न्हाई, मग अंगातलं बळ न्यायचं कुटं?" आणि त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच एक रीत पाडली. पहाटे ते पाइप धरून पुढचं धूत असतात. आमचा घोळका येताना दिसला की ते पाठ करून भिंतीकडे बघत उभे राहतात. सुनेने सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घ्यावा, ही आमच्याकडची पद्धत. पँटला पदर नाही, म्हणून माझ्या वाटणीची अदब त्यांनी आपल्याकडे घेतली. मला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू.

ग्रुपला हे काय माहीत? त्यांना रोज एक म्हातारा दिसायचा, फुटपाथ गिळून बसलेल्या घराचा, आणि तो आपल्याकडे पाठ फिरवायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, "म्हातारबाला लाज वाटत असेल, म्हणून तोंड दाखवत नाही." सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना कानशिलं तापतात, पण हसले. मी कुठे राहते असं विचारलं तर 'गावात, आतल्या बाजूला' असं सांगून ठेवलं होतं, आणि रोज मागच्या बोळाने वळसा घालून चौकात जात होते.

मग ती अकोल्याची मुलगी आली. नोकरीसाठी नुकतीच आलेली, आमच्याच गावात कुठेतरी खोली करून राहणारी. धावायला चपळ. पण आम्ही सगळे रस्त्यावर आणि ही एकटी फुटपाथवर, उतरत, चढत, गाड्यांना वळसे घालत. तिच्या गावाकडे कुणीतरी सकाळी फिरताना ट्रकखाली गेलं होतं, तेव्हा आईने तिच्याकडून शब्द घेतला होता की धावायचं असेल तर रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. आम्ही तिला आईचं बाळ म्हणून चिडवायचो. ती हसायची आणि फुटपाथ सोडायची नाही.

सोडायची फक्त आमच्या घरापाशी. तिथे ती थांबायची, मागे वळून बघायची, खाली उतरून कडेकडेने पुढे जायची आणि लगेच परत वर चढायची. एकदा मला म्हणाली, "ताई, तेवढ्या एकाच ठिकाणी भीती वाटते." त्या दिवशी मला सांगता आलं असतं. घरी जाऊन भांडताही आलं असतं. मी काय म्हणाले? "अगं, तिथे आमच्याबरोबर मधून पळ. डांबर मऊ असतं, गुडघ्यांना बरं असतं."

त्यानंतर काही दिवसांनी, एका सकाळी, ती तिथेच पडली. रात्रपाळीची माणसं सोडून परत निघालेली एक कॅब तिच्या अगदी जवळून गेली. आरसा कोपराला लागला आणि ती आमच्या उतारावर आपटली. कॅब थांबलीही नाही. आम्ही थोडे पुढे गेलो होतो, आवाज ऐकून मागे फिरलो. येऊन बघतो तर सासऱ्यांनी पाइप टाकून तिला उचलून कट्ट्यावर बसवलं होतं. गुडघा चांगलाच सोलवटला होता. त्यांनी तो पाइपच्याच पाण्याने धुतला आणि धुता धुता तिला रागावत होते.

"पोरी, रस्त्यात कशाला उतरलीस? फुटपाथ हाय की चांगला."

तिने एकदा पत्र्याच्या खांबाकडे बघितलं आणि मान खाली घातली. सासऱ्यांनी वर बघितलं. पाठ फिरवायची रीत त्या गडबडीत ते विसरले होते. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

"सूनबाई, बघत काय हुबी ऱ्हायलीस? घरातनं हळद आन. आन् समद्यास्नी च्या टाक."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी त्यांच्यामधून वाट काढत माझ्याच घरात शिरले. चहा ठेवला आणि हळदीचा डबा हातात घेऊन ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले. बाहेर जायचं धैर्य होईना, आणि न जाऊन चालणार नव्हतं.

बाहेर मला कुणी काही विचारलं नाही. एकाने तुळस छान वाढल्याचं सांगितलं. म्हातारबाची चेष्टा करणारा वाकून बुटाची नाडी बांधत होता, आणि ती काही केल्या बांधून होईना. सासरे खुशीत होते. एवढी माणसं पहिल्यांदाच त्यांच्या कट्ट्यावर बसली होती. हा सगळा बांध होता, तुम्ही बसलाय तिथेच आम्ही भाकरी खायचो, असं ते सांगत राहिले. सगळे माना डोलवत होते. मला या माणसाची लाज वाटली होती, आणि आता त्याच्याकडे बघून माझी मला वाटत होती.

त्या संध्याकाळी मी घरात विषय काढला. नवरा म्हणाला, गावातल्या बाकीच्यांनी काढलं की आपणही काढू. सासरे म्हणाले, "बांद काडत्यात व्हय कुनी?" ते चिडले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी आणखी दोन-तीनदा बोलले आणि मग सोडून दिलं. कट्टा अजून तिथेच आहे. परवा मीच तो धुतला.

ग्रुपमध्ये आता फुटपाथबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मुलगी पंधरवड्याने परत आली आणि पहिल्याच दिवशी आमच्याबरोबर रस्त्यावर धावायला लागली. आईला काय सांगितलंस, असं मी हळूच विचारलं. म्हणाली, "काही नाही सांगितलं, ताई. उगाच काळजी करेल."

गेल्या आठवड्यात एक नवीन गृहस्थ आले. नेमके आमच्या घराच्या अलीकडे असताना त्यांनी तो प्रश्न विचारला. बाजूला फुटपाथ असताना आपण रस्त्यावरून का धावतो? नुसते बुटांचे आवाज येत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती माझ्या शेजारून म्हणाली, "डांबर मऊ असतं ना काका. गुडघ्यांना बरं असतं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावरचा डाग अजून गेलेला नव्हता. समोर सासरे पाइप घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि आमच्या दारापाशी आल्यावर सगळ्यांबरोबर तीही रस्त्याच्या मध्याकडे सरकली.