वैद्यकाची अर्धी पोथी

हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. नर्मदामाईला काय सांगायचं — तिनं तर पाहिलंच होतं!

तुम्हाला सांगून राहिली, कारण ती फोटोवाली मुलगी येऊन गेल्यापासून मला राहवत नाही.

आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी सासऱ्यांच्या आजोबांची वैद्यकाची पोथी आहे. अर्धीच. जुन्या पोथ्यांचे फोटो काढून ते सगळ्यांना पाहता यावेत म्हणून इंटरनेटवर टाकतात नं, त्या कामाची ही मुलगी. काळं कापड अंथरलं, कॅमेरा लावला. माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या ताई, दारातच उभ्या. मुलगी म्हणाली, "दादी, ज़रा ये कोना पकड़िए ना."

ताईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. लहान पोरीसारखे.

"नको बाई, माझा हात नको. बाकीची पानं माझ्यामुळंच वाळवीनं खाल्ली. तसं लिहून टाक तिथं."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी. अजून? हे अजून उरावर घेऊन राहिल्या होत्या त्या? मला वाटलं, विसरल्या असतील. काहून विसरतील?

वाळवी लागलीच नव्हती हो.

नवी नवरी होती मी. माझ्या शालूंसाठी मला घरातली सागवानी पेटी हवी होती. पोथीचा एक गठ्ठा देवघरात, दुसरा त्या पेटीत. पेटीतला मी निर्माल्यासोबत नर्मदेवर, ग्वारीघाटाला नेला अन् सोडून दिला. जुन्या पोथ्या सोडतातच नं लोक नदीत? — असं मनाशी म्हटलं. पण सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा तोंडातून निघालं ते भलतंच — वाळवी लागली होती, ताईंनी पेटी ओल्या भिंतीला लावून ठेवली होती. कोणी ओरडलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "थोरलीचा हात पोथीला लागू देऊ नका." बस्स.

आता पोथी मोबाइलवर दिसते. खाली लिहिलंय — उर्वरित पाने वाळवीने नष्ट. माझं खोटं, साऱ्या जगानं वाचावं असं!

काल ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. बोटांनी पान मोठं केलं, अडुळशाचा काढा मोठ्यानं वाचला. मग दचकून हात मागे घेतला.

"काचेला तर वाळवी लागत नाही नं, छोटी?"

"नाही, ताई," मी म्हटलं.

तेवढंच म्हटलं.