ठाणे ते कल्याण, रुंद टायरांवर

रविवारी सकाळी सात वाजता मी खोपटच्या एसटी डेपोसमोरून गाडी बाहेर काढली. अकरा वाजता कल्याणला माझ्या मित्राकडे, माधवकडे, एक माणूस येणार होता आणि त्याची गाडी विकत घेऊन जाणार होता. त्याच्या आत मला पोहोचायचं होतं. रस्ता जेमतेम सव्वा तासाचा. मी चार तास हाताशी ठेवले होते, कारण गाडीचा मला भरवसा होता, स्वतःचा नव्हता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. माधवची आणि माझी गाडी एकाच बनावटीची, छोटी, पांढरी. त्या वर्षी मी माझ्या गाडीला परदेशी बनावटीचे रुंद टायर घातले. मूळच्या टायरपेक्षा दोन बोटं रुंद, मऊ रबराचे, मुळात वेगवान गाड्यांसाठी केलेले. ब्रेक मारला की गाडी जागच्या जागी थांबायची, वळणावर रस्ता सोडायची नाही. एकच त्रास होता. गाडी उभी करताना स्टिअरिंग जड जायचं. त्यावर मी एक उपाय शोधला : हवा जास्त भरायची. अठ्ठावीस पौंडांच्या जागी छत्तीस. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरू लागलं. मी ही युक्ती भेटेल त्याला सांगितली, आणि माधवला तर इतकी सांगितली की वैतागून त्यानेही तेच टायर घेतले आणि हवाही छत्तीस ठेवली.

पुढचं सांगायला जड जातं, पण त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

कळव्याचा पूल ओलांडला तेव्हा खाडीला ओहोटी होती. चिखलात दोन कोळी गुडघाभर उतरून निवट्या (चिखलात राहणारा लहान मासा) धरत होते. पूल उतरून थोडं पुढे गेलं की अण्णाचं पंक्चरचं दुकान लागतं. अण्णा केरळचा, पण वीस वर्षं कळव्यात राहिल्यामुळे त्याच्या बोलण्यात हिंदी-मराठीची मिसळ झालेली. जूनच्या अखेरीस भर पावसात याच पुलाच्या उतारावर माझी गाडी घसरून आडवी झाली होती. समोरून काही येत नव्हतं म्हणून वाचलो. मी तशीच अण्णाकडे गाडी आणली. त्याने टायरवरून तळहात फिरवला.

"साहेब, बीच में टक्कल, दोन बाजूला केस," तो म्हणाला. "हवा किती ठेवतो?"

"छत्तीस."

"छत्तीस? ये काय पुरी हाय, फुगला की झाला?"

मग त्याने समजावून सांगितलं. जास्त हवेने टायर मधोमध फुगतो आणि फक्त मधल्या पट्ट्यावर धावतो. मऊ रबर, त्यामुळे मधली नक्षी काही महिन्यांत झिजते. मग पावसाचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. "अजून कोणाला छत्तीस सांगितला काय?" त्याने हसत विचारलं.

मी "नाही" म्हणालो.

त्याच आठवड्यात मी गुपचूप त्याच जातीचे चार नवे टायर घातले, हवा अठ्ठावीसवर आणली आणि कोणाला काही बोललो नाही. इतके दिवस ज्या तोऱ्यात सांगत फिरलो होतो, तो तोरा मोडवेना. माधवला पुढच्या भेटीत सांगू, असं दोनदा ठरवलं. तिसऱ्या आठवड्यात कल्याण-शीळ रस्त्यावर त्याची गाडी पावसात भिंगरीसारखी फिरली आणि शेतात गेली. शेजारी बसलेल्या शुभदावहिनींचं, त्याच्या बायकोचं, मनगट मोडलं.

मी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. माधव कॉटशेजारी बसून आपल्या हातांकडे बघत होता. "माझा हातच चांगला नाही रे," तो म्हणाला. आणि मी त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणालो, "होतं असं. सवयीनं हात बसतो."

त्या दिवसापासून माधवने गाडी चालवली नाही. आणि आदल्याच शुक्रवारी आमच्या गणपतीला तो आगगाडीने आला. मोदक खाता खाता म्हणाला, "रविवारी अकराला गिऱ्हाईक येतंय. पितृपक्ष लागायच्या आत न्यायची म्हणतोय, नंतर कोण घेणार गाडी?" घरात पाहुणे होते, आरती चालू होती. मी त्याला आणखी एक मोदक वाढला.

म्हणून त्या रविवारी अण्णाकडून हवा तपासून घेतली आणि निघालो.

मुंब्र्याचा रस्ता डोंगराला चिकटून जातो. पाऊस आठवडाभर नव्हता, तरी कड्यांवरून अजून पाण्याच्या धारा उतरत होत्या. ट्रकांच्या मागे मागे वळणं घेताना जाणवलं, आणि प्रामाणिकपणे नोंदवतो, की टायर खरोखर उत्तम होते. योग्य हवेवर ते वळणात असे बसत की हातांना रस्त्याचा खडान्‌खडा कळावा. फक्त खड्ड्यांचं भय. यांची बाजू बुटकी, म्हणून खड्ड्यात गाडी आदळली की हादरा थेट पाठीत येतो. रोजच्या वापरासाठी कोणी हे टायर घेणार असेल तर घ्यावेत, पण खड्डा दिसला की मान खाली घालून हळू जावं.

शीळफाट्यावर एका टपरीत उसळ-पाव खाल्ला. उसळ झणझणीत होती, वर कच्चा कांदा आणि लिंबू. पुढे कल्याणच्या रस्त्याला लागल्यावर माधवची गाडी जिथे घसरली ती जागा त्याच्या सांगण्यावरून ओळखली आणि थांबलो. भात पोटरीला आलं होतं. बांधावर एक म्हातारा आगरी शेतकरी विडी ओढत बसला होता. मी विचारलं, दोन महिन्यांपूर्वी इथे पांढरी गाडी शेतात गेली, ती पाहिलीत का?

"बगली ना! मीच तर चार मानसांना घेऊन वर काढली," तो म्हणाला. "तुमचा कोन व्हता?"

"मित्र."

"त्याला सांग दादूस (दादा), त्याचा काय दोस नाय. गारी (गाडी) सरल चालली व्हती, बेताबेतान. पान्याव चरली (चढली) न फिरली. मानूस तर चाक घट धरून व्हता. त्याच्या बायकोला हात लागला म्हनून लहान पोरावानी ररत व्हता बिचारा."

ररत म्हणजे रडत. त्याने मला विडी देऊ केली. मी ओढत नाही, तरी घेतली.

त्यानंतर सरळ कल्याणला जायला हवं होतं. मी डोंबिवलीत वळलो. एका उपाहारगृहात साबुदाणा वडा मागवला, दोन चहा घेतले, शेजारच्याचं वर्तमानपत्र मागून वाचलं. वडा खुसखुशीत होता, चटणीत शेंगदाणे भरपूर. सव्वानऊचे पावणेदहा झाले. शेवटी गल्ल्यावरच्या गृहस्थांनीच विचारलं, "कोणाची वाट बघताय का?" मी उठलो. ठाकुर्लीकडून पत्रीपुलावर आलो तेव्हा कल्याणात शिरायला सव्वादहा झाले होते.

माधवचं घर दुर्गाडीच्या बाजूला, तीन मजली इमारतीत. आवारात त्याची गाडी धुऊन पुसून उभी होती, काचेला नवं फडकं, आत अत्तराची बाटलीसुद्धा. माधव चड्डी-बनियनवर तिला शेवटचा हात फिरवत होता. वहिनी जिन्यात बसून तांदूळ निवडत होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण त्या अजून डाव्या हातानेच निवडत होत्या.

"अरे, प्रकाश! आज इकडे कसा?" माधव म्हणाला. "माझी मिरवणूक बघायला आलास की काय?"

मी गाडी लावून उतरलो. त्याच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो आणि टायरवर तळहात ठेवला. मधोमध गुळगुळीत, कडेला नक्षी शाबूत. "हात लाव," मी म्हणालो. त्याने लावला. मग मी सगळं सांगितलं. कळव्याचा उतार, अण्णा, छत्तीस हवा, माझे गुपचूप बदललेले टायर. दवाखान्यात तुझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कारण ठाऊक होतं, हेही सांगितलं.

माधवने टायरवरून पुन्हा तळहात फिरवला. "म्हणजे मी..." एवढंच बोलला.

वहिनी सूप बाजूला ठेवून उठल्या. "भाऊजी, दोन महिने रोज संध्याकाळी हे गॅलरीत उभे राहून गाड्या बघतात," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा यांना बोलले. म्हटलं, तुमच्या हातात गाडी नको. आणि तुम्ही मोसंबी घेऊन आलात!"

"हो वहिनी."

"सोलून पण दिलीत."

मी माझ्या गाडीतून जॅक आणि पाना काढला. "आपली चाकं सारखीच आहेत," मी माधवला म्हणालो. "माझे टायर अडीच महिन्यांचे, हवा बरोबर. हे तुझ्या गाडीला लावायचे, तुझे मला."

"आणि तू कसा जाणार?"

"हळू."

त्याने आधी नको म्हटलं. मग स्वतःचा जॅक काढला. दोन पन्नाशीला टेकलेले कारकून, आठ चाकं आणि दोन जॅक. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून सूचना देऊ लागले : "नट समोरासमोरचे आवळा, समोरासमोरचे!" तिसऱ्या चाकाशी माधवने पाना माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाला, "तू बाजूला हो. तुझ्या युक्त्या पुरे झाल्या." त्याच्या आवाजातला राग मला बरा वाटला.

अकराला गिऱ्हाईक आलं. सफारी घातलेले भिवंडीचे व्यापारी, हातात नारळ. एक गाडी जॅकवर बघून चक्रावले. "हे काय? मी चांगल्या टायरची म्हणून ठरवली होती."

माधव वहिनींकडे बघू लागला.

"गाडी द्यायची नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमची फेरी फुकट गेली, माफ करा. चहा घेऊन जा."

"अहो, पण परवा शब्द दिला होता!"

"परवा आम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला वर गेल्या. त्या गृहस्थांना थोपवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना पूर्ण हकिकत सांगितली. त्यांनी अर्धी ऐकली, कपाळाला हात लावला, नारळ तसाच घेऊन गेले.

चाकं लावून झाल्यावर वहिनी पदर खोचून खाली आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. "चला. पुलापर्यंत."

माधवने किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा आवाराबाहेर गेली. मी पायरीवर बसून राहिलो. अर्ध्या तासाने ते आले, तेव्हा माधव एका हाताने चाक धरून, कोपर खिडकीबाहेर काढून बसला होता. वहिनी उतरल्या आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे यांचा." हे माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला जेवायला थांबा म्हणायचं आज माझ्या मनात नाही. नंतर कधी म्हणेन."

परत मी कोन गावामार्गे भिवंडीच्या रस्त्याने आलो. माधवच्या टायरांतली हवा मी आधीच उतरवली होती, तरी झिजलेली नक्षी काही परत येत नाही. ताशी तीसच्या वर गाडी नेली नाही. मागून येणारे टेम्पो हॉर्न वाजवून पुढे जात होते. कशेळीच्या अलीकडे एक सर आली. या टायरांवर ओल्या रस्त्याने जायचं नाही, म्हणून गाडी बाजूला एका झाडाखाली घेऊन थांबलो. पाटी घेतलेली एक कोळीण माझ्याच झाडाखाली आली.

"काय रे, बंद पडली?"

"नाही मावशी. टायर गुळगुळीत आहेत."

"मंग कशाला फिरतोस असले घेऊन?"

"मित्राचे आहेत. माझे चांगले त्याला दिले."

"भला मानूस हायस."

"नाही," मी म्हणालो, आणि तिला सगळं सांगितलं. त्या दिवशीची ही तिसरी वेळ, आणि पहिल्यांदाच कोणाला काही देणं-घेणं नसताना. तिने पाटी खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मोसंबी सोलून दिलीस? तू पन ना!" आणि हसली. सर ओसरल्यावर ती निघून गेली. रस्ता सुकायला अजून अर्धा तास लागला. मी गाडीत बसून होतो आणि मला कसलीही घाई नव्हती.