दिवालीबेनचा डबा

खंभातच्या आमच्या गल्लीत घरटी अकीकचे खडे घासायचं एक चाक आणि घरटी एक खोकणारा. दगडाची भुकटी छातीत बसली की जात नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. तरी दिवालीबेनने तीस वर्षं चाक सोडलं नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. जीव लावायला एकच, धाकटा भाऊ शना. तोही घासणारा, दोन घरं पलीकडे राहायचा, आणि त्याची छाती तिच्याहून वाईट.

दिवालीबेनकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. कोणाला ताप भरला, कफ हिरवा झाला की दवाखान्यातून गोळ्या यायच्या. दोन दिवसांत उतार पडला की उरलेल्या त्या डब्यात. विरजण मागावं तशा बायका तिच्याकडे गोळी मागायच्या. माणूस गेला की तेराव्याला त्याच्या गोळ्याही तिथेच. माझ्या माणसाच्या नऊ गोळ्या मीच टाकल्या आणि पुण्य केल्यासारखी घरी आले. हसू नका, आम्हाला तो खरंच धर्म वाटायचा.

स्वतःच्या गोळ्यांतल्या अर्ध्या मात्र ती डब्यात टाकत नसे. त्या शनाच्या.

"पुऱ्या खा की गं," मी ओरडायचे. "सात दिवस सांगितलंय ना?"

"तू गप बस, रेवा. तिसऱ्या दिवशी चाकावर बसले ना मी? बाकीच्यांचं काय लोणचं घालू? शनाला लागतील."

शना चिडवायचा, "बेन, तुझ्या हातच्या थेपल्यांपेक्षा गोळ्याच जास्त खाल्ल्यात मी."

"मर मेल्या. दोन्ही खा."

यंदा श्रावणाच्या तोंडावर शनाचा ताप उतरेना. डब्यातल्या गोळ्या झाल्या, दवाखान्यातल्या झाल्या. शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं. थुंकी तपासून आली. डॉक्टरीणबाई कागदावरचं एकेक औषध वाचत गेली, हे चालणार नाही, हेही नाही. दिवालीबेनला वाचता येत नाही, पण ती सगळी नावं तिला तोंडपाठ होती.

"औषध अर्ध्यावर सोडलं की सगळे जंतू मरत नाहीत. उरतात ते माजतात," बाई म्हणाली. "एकच इंजेक्शन राहिलंय. देऊन बघू."

दिवालीबेनने पिशवीतला डबा काढून पलंगावर ओतला. "यातली एखादी तरी बघा ना, बाई."

बाईने एकेक गोळी उचलून परत डब्यात टाकली. पाचव्या दिवशी शना गेला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्याची गादी उन्हात टाकायला काढली. उशाखाली रुमालाची गाठ निघाली. आत गोळ्या. दिवालीबेनने ओळखल्या, तिनेच दिलेल्या.

शनाची बायको मंगू दाराशी होती. तिला हुंदका आवरेना. "हे म्हणायचे, बेनचा खोकला वाढलाय. यंदा राखीला तिला याच देईन म्हणायचे. जरा उतार पडला की निम्म्या बाजूला काढायचे."

इतके दिवस मला दिवालीबेनचा राग होता, माझा स्वतःचाही होता. त्या क्षणी राग कुठे गेला कळलं नाही. मी भिंतीला धरून रडले.

ती रडली नाही. गोळ्या मांडीवर घेऊन मोजल्यासारखं बोट फिरवत राहिली.

"अर्ध्यातल्या अर्ध्या, रेवा," ती म्हणाली. "माझ्या शनानं अर्ध्यातल्या अर्ध्याच खाल्ल्या गं."

मग तिला खोकल्याची उबळ आली. तोंडाला धरलेल्या पदरावर कफ पडला, हिरवा.